विजूआत्याची गाठ आणि शुक्रवारचं ऑडिट

चाकणच्या कंपनीत विजूआत्या मालाची तपासणी करायची. तिनं हात वर केला की अख्खी लाइन थांबायची आणि सुपरवायझर धावत यायचा. अशा बाईच्या छातीत गाठ लागली, तर तिनं काय करावं? वर हळद लावली आणि निघाली ओव्हरटाइमला!

हळद लावताना भाचीनं, म्हणजे तेजस्विनीनं, तिला रंगेहाथ पकडलं. तेजस्विनी दहावीत. गुणसूत्रांच्या प्रकल्पाला नुकतंच बक्षीस मिळालेलं, त्यामुळे जगातलं कुठलंही भांडण गुणसूत्रांवर नेलं की आपण जिंकतो, अशी तिची पक्की खात्री.

रात्री जेवताना तिनं तोंड उघडलं. "आत्या, स्तनातल्या पेशी..."

बाबांना, म्हणजे हिंदुरावांना, जोराचा ठसका लागला. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तेजस्विनीनं स्वतःचा वाढवला.

"...एकीच्या दोन होतात ना, तेव्हा गुणसूत्रांची नक्कल होते. कधी एखादा तुकडा गळतो, कधी जास्तीचा चिकटतो. एका चुकीनं सहसा काही होत नाही. पण चुकीवर चूक साचत गेली की पेशी कुणाचं ऐकत नाहीत. आणि हे सगळं न दुखता!"

"म्हणजे प्रत्येक गाठ कॅन्सरची?" आत्यानं विचारलं.

"छे! बऱ्याचशा साध्याच असतात."

"झालं तर मग. भात वाढ."

तेजस्विनी चमचा हातात धरून बसली. स्वतःच खणलेल्या खड्ड्यात ती धपकन पडली होती. मग एकदम उसळली, "कंपनीत संशय आलेला पीस काय करतेस गं? बरेचसे चांगलेच निघतात म्हणून गाडीत भरतेस?"

"डोकं फिरलंय का? बाजूला ठेवते. मोजल्याशिवाय हलू देत नाही."

एवढं बोलून आत्यानं स्वतःचं ताट बाजूला सरकवलं. बाबांनी टीव्हीच बंद केला. "विजू, उद्या रजा टाक," ते ताटाकडे बघत म्हणाले. "गाडी मी काढतो."

मॅमोग्राफीच्या खोलीत आत्यानं आधी यंत्रावरच्या तपासणीच्या स्टिकरची तारीख वाचली, मगच पुढे झाली. नंतर डॉक्टरांनी सुईनं गाठीचा बारीक तुकडा तपासायला काढला. रिपोर्ट आला तेव्हा बाप-लेक दोघंही आत्याबरोबर आत गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पेशी बिघडल्यात. पण अजून दुधाच्या नळीतच आहेत, बाहेर पसरलेल्या नाहीत."

"म्हणजे माल गेटच्या आतच आहे?" आत्यानं विचारलं.

डॉक्टरबाईंनी तेजस्विनीकडे पाहिलं.

"आजार नळीच्या बाहेर गेला नाही ना, असं विचारतेय ती," तेजस्विनीनं भाषांतर केलं. डॉक्टरबाईंनी मान डोलावली.

"मग काढून टाका."

"या शुक्रवारी?"

"शुक्रवारी नको हो, कंपनीत ऑडिट आहे. माझ्याशिवाय..."

"शुक्रवारीच!" बाप-लेक एकदम ओरडले, इतके की बाहेरची नर्स धावत आली.

शुक्रवारी ऑडिट झालं. विजूआत्याशिवाय झालं, आणि पास झालं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर हे ऐकून तिला जरा रागच आला.