पानाखालचा रिटेनर

सर्जापूर रोडच्या हॉलवर पुतण्याच्या लग्नाची पंगत उठली. मी हात धुवून वळते तोच आमच्या संहितानं माझा दंड धरला. दुसरा हात तोंडावर.

"आई, रिटेनर पानाखाली राहिला."

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं पोरीच्या दातांना तारा, दर महिन्याला दातांच्या क्लिनिकपायी मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमध्ये जीव नकोसा, आणि तारा निघून महिना झाला नाही तोवर हे. दात परत सरकू नयेत म्हणून ती पारदर्शक प्लास्टिकची पट्टी. जेवताना काढायची, डबीत ठेवायची, एवढंच काम. डबी कुठाय? घरी. का? तर पर्स छोटी. अगं बाई, मग पर्स काय नुसती मिरवायला आणलीस?

हे मी सगळ्यांसमोर बोलले. माझी अक्का म्हणाली, स्वल्प हळू बोल, नवरीकडचे ऐकतायत. ऐकू देत. तोवर वाढप्यांनी टेबलावरचा कागद केळीच्या पानांसकट गुंडाळून मागे नेलासुद्धा.

मागे उष्ट्या पानांचा हा ढीग. रेशमी साडी खोचली आणि हात घातला. संहिता रडवेली होऊन म्हणत होती, सोड ना आई. कशी सोडू? तारांआधी ही पोर वर्गाच्या फोटोत ओठ घट्ट मिटून उभी राहायची. आत्ता कुठं मोकळं हसायला लागली होती, आणि माझ्या ओरडण्यानं तोंडावरचा हात आणखीच घट्ट झाला. मला माझाच राग आला. ही सवय तिनं माझ्याकडूनच तर उचललेली. माझे पुढचे दात मी जन्मभर पदराआड ठेवले.

रिटेनर सापडला. कुणाच्या तरी पायाखाली येऊन दोन तुकडे झालेले, वर कोसंबरीची डाळ चिकटलेली. संहितानं फोन लावून माझ्या कानाशी धरला, क्लिनिकला विचारलं. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, तुटका घालू नका, उद्या सकाळीच या, माप घेऊन नवीन करू. झालं. आणि एवढ्यासाठी मी खरकट्यात कोपरापर्यंत बुडाले होते. मला हसू फुटलं ते आवरेचना. पदर ओढायला गेले, तर दोन्ही हात सारानं बरबटलेले.

संहिता बघतच राहिली. तोंडावरचा हात केव्हा खाली आला, तिलाही कळलं नसावं.

"आई," ती म्हणाली, "तू हसताना अशी दिसतेस?"