एकट्यापुरता भात

"भाऊ, फ्रीजची पाठ गरम काऊन राहते? आतमंधी तं बरफ जमते ना!" वरणाला फोडणी देता देता गुणाबाई फोनमध्ये बोलल्या आणि फोन पदराला पुसून खिडकीत ठेवला.

अहेरीच्या मुलींच्या वसतिगृहात त्या बावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. लिहिता-वाचता जेमतेम. पण वसतिगृहाच्या अधीक्षिका रिनामॅडमनी त्यांना 'सहज विचारलं' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं आणि बाईंची कळी खुलली. तिथं कुणी पोहे चिकट का होतात विचारी, कुणी फोनची बॅटरी लवकर का उतरते. सगळे टाइप करत, गुणाबाई बोलून पाठवत. उत्तर बहुधा मिरजेच्या मोकाशींचं येई. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस कुणाच्याच प्रश्नाला हसत नसे.

"फ्रीज आतली उष्णता उचलतो, गुणाबाई, आणि मागून बाहेर टाकतो."

"मंजे घरातला कचरा अंगणात लोटल्यावानी!"

"अगदी तसंच."

दिवाळीनंतर मोकाशी तीन आठवडे गप्प होते. गुणाबाईंनी दोनदा विचारलं, "भाऊ, बरे आहा ना?" मग एका सकाळी निरोप आला, ग्रुपवर नाही, फक्त त्यांना. "आमची मंडळी गेली. आता एक प्रश्न माझा. एका माणसाचा भात कसा करतात?"

गुणाबाई चुलीपुढे उभ्याच राहिल्या. दीडशे पोरींचा भात त्या डोळे मिटून करत. एका माणसाचा कधी केलाच नव्हता. सासरी अकरा माणसं, नवरा गेल्यावर हे वसतिगृह. त्या जेवायच्या तेही याच पातेल्यातलं.

"थांबा भाऊ. मले नाई येत. शिकून सांगतो."

दुपारी त्यांनी चहाच्या कपानं तांदूळ मोजला. पहिल्या दिवशी चिखल झाला, दुसऱ्या दिवशी करपला. पोरी हसून हसून लोळल्या.

"बाई, दीडशेचा कधी बिघडला नाई, अन् एकाचा बिघडवून राह्यल्या?" रिनामॅडम म्हणाल्या.

"चूप राहा मॅडम, माझी परीक्षा चालू हाये."

तिसऱ्या दिवशी जमला. लगेच फोन लावला. "लिवून घ्या. तांदूळ नवा का जुना?"

"डब्यावर काही लिहिलेलं नाही."

"डब्यावर कशाले राहीन? दाताखाली दाबून पाहा. कडक लागला तं जुना, पानी जरा जास्त. अन् झाकन घडीघडी उघडाचं नाई."

"टेलिफोनचा माणूस उघडून बघितल्याशिवाय राहत नाही हो."

"मंग खा कच्चा!"

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. मोकाशींनी पातेलं कॅमेऱ्यापुढे धरलं. दाणा न् दाणा मोकळा. गुणाबाईंनी टाळ्या वाजवल्या, मागं पोरींनी गलका केला.

"वाढून घ्या आता. मी बी बसतो तुमच्यासंग."

तेव्हा त्यांना टेबल दिसलं. मोकाशींनी सवयीनं दोन ताटं मांडली होती. त्यांच्याही ते आत्ताच ध्यानात आलं असावं. हात दुसऱ्या ताटाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"राहू द्या भाऊ," गुणाबाई हळूच म्हणाल्या. "त्याच ताटात फोन उभा करा. मले तुमचं जेवन बराबर दिसते."

मोकाशींनी त्या ताटात लोणच्याची बरणी ठेवली, तिला फोन टेकवला आणि पहिला घास घेतला.

"मीठ राहिलं," ते म्हणाले.

"मीच सांगाले भुलली!"

दोघंही मोठ्यानं हसले. मोकाशींनी लोणचं घ्यायला बरणी ओढली तसा फोन घसरला. त्यांनी तो पुन्हा नीट उभा केला, थोडा आपल्याकडे वळवला आणि जेवू लागले.