अर्धी छटा

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात हुशार माणूस कोण, यावर मतभेद आहेत. सगळ्यात चिकट माणूस मी, यावर नाहीत. स्टोअर माझ्याकडे. हातमोज्यांच्या खोक्यापासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत काहीही हवं असलं तरी चिठ्ठी लागते आणि चिठ्ठीवर बाईंची सही लागते. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. सही नसेल तर मी चिठ्ठी फेकत नाही आणि परतही करत नाही. खणात ठेवतो. माणूस तक्रार घेऊन आला की शांतपणे काढून दाखवतो. त्यातलं सुख सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळल्याशिवाय कळायचं नाही.

माझ्या खणात सगळ्यात जास्त चिठ्ठ्या पालेवालीच्या. ती इथे पीएच.डी. करते, कर्करोगाच्या पेशींच्या खाण्यापिण्यावर. या पेशी भारी खादाड. साखर अधाशासारखी ओढतात, अर्धीमुर्धी पचवतात आणि आंबट पाणी बाहेर टाकतात. ज्या द्रवात त्या वाढतात त्यात एक रंग घातलेला असतो. ताजा द्रव गुलाबी, आंबट होत गेला की नारिंगी, मग पिवळा. फ्लास्क पिवळा दिसला की समजायचं, मंडळी जेवून उठली. पालेवाली एका कडू पाल्याचा अर्क त्यात घालून बघत होती, की मंडळींची भूक कमी होते का. पाला यायचा तिच्या मावशीच्या कुंड्यांमधून. म्हणून नाव पालेवाली.

या मावशीबद्दल मी इतकं ऐकलं होतं की रस्त्यात भेटली असती तर ओळख दाखवली असती. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. गिऱ्हाईक दारात उभं असतानाच त्याच्या कापडाला कुठलं रीळ जाईल ते सांगायची. दोन वर्षांपूर्वी कर्करोगाचं ऑपरेशन झालं, बाकीचे उपचार झाले, आता पाच वर्षं रोज एक गोळी. गोळीने सांधे धरायचे, म्हणून गोळीवर राग. सकाळी पाल्याचा काढा, त्यावर फार जीव. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळी चालू आहे तोवर असलं काही पोटात नको. मावशीने मान डोलावली आणि घरी येऊन भांडं शेगडीवर ठेवलं.

"तुझ्या बाटल्यांनी पाल्याच्या बाजूने कौल दिला ना," ती भाचीला म्हणायची, "की गोळीला रामराम." घरात सगळे हसायचे. हसण्यावारी नेलेल्या गोष्टीच अंगाशी येतात.

एका गुरुवारी पालेवालीने सहा फ्लास्क मांडले. तीन साधे, तीन पाल्याचे. शुक्रवारी बाई आत गेल्या आणि नाकाला रुमाल लावून बाहेर आल्या.

"काहीतरी करपलंय का आत?"

"माझा अर्क आहे, बाई."

"मग तुझा अर्क जुन्या कपाटात ने. इथे बाकीच्यांना श्वास घ्यायचाय."

आमच्याकडे पेशी उबवायची दोन कपाटं आहेत, नवं आणि जुनं. पालेवालीने पाल्याचे तीन फ्लास्क जुन्यात हलवले. साध्यांना वास नव्हता, ते नव्यातच राहिले. सोमवारी सकाळी बघते तर साधे तीन पिवळेधमक, आणि पाल्याचे तीन गुलाबाच्या फुलासारखे.

आता शहाण्या माणसाने काय करावं? बाईंना दाखवावं, पुन्हा मांडावं, चार वेळा खात्री करावी. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. हिने फोटो काढला आणि तिथल्या तिथे मावशीला पाठवला.

मंगळवारी ती माझ्या खिडकीशी आली तेव्हा चेहऱ्यावर आनंद आणि घाबरगुंडी एकत्र बसली होती.

"काका, बारा फ्लास्क द्या. सही आहे."

सही होती. मी फ्लास्क मोजायला घेतले. "एवढी घाई?"

"मावशीने काल गोळी बंद केली. मी सांगितलं तिला, अगं, एकदाच झालंय, थांब. म्हणते, हातच्या कांकणाला आरसा कशाला. मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. आता मला हे लवकर पक्कं करायचंय, किंवा—" ती थांबली. "किंवा काय ते कळत नाहीये."

"कुठल्या कपाटात होते?"

"पाल्याचे जुन्या. वासामुळे."

माझा मोजणारा हात सातव्या फ्लास्कवर थांबला. जुन्या कपाटाला एक सिलिंडर नऊ आठवडे जातो. हे मला वही न उघडता माहीत असतं, तरी उघडली. शेवटचा सिलिंडर दिल्याला अकरा आठवडे झाले होते. मग खण उघडला. वरून चौथी चिठ्ठी: 'जुन्या कपाटासाठी गॅस, एक.' अक्षर पालेवालीचं. तीन आठवड्यांपूर्वी साफसफाईची पाळी असताना तिने दिली होती. सही नव्हती. मग ती विसरली, आणि मी अर्थातच विसरलो नाही; नुसता गप्प बसलो.

"चल," मी म्हणालो.

जुन्या कपाटाचा, गॅस संपला की वाजणारा भोंगा कधीच मेलेला. सिलिंडरचा काटा शून्यावर आडवा पडला होता. पालेवाली त्याच्याकडे बघत राहिली. त्या गॅसने द्रवाचा आंबटपणा ठरल्या जागी राहतो, गॅस गेला की द्रव आपोआप गुलाबी होतो. त्यात पाला घाला, नाहीतर नुसतं पाणी घाला.

"म्हणजे पाल्याने काही केलंच नाही," ती म्हणाली.

"तेही माहीत नाही. गॅस संपला एवढंच माहीत आहे."

"चिठ्ठी दिली होती मी."

"सही नव्हती."

"काका, सांगायचं तरी."

 सव्वीस वर्षांत प्रथमच त्या खणाची लाज वाटली. पण ते तिला कशाला सांगा.

संध्याकाळी तिने मावशीला फोन केला आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला वृत्तांत मिळाला. मावशी म्हणाली, "डॉक्टरांनी तुला शिकवलेलं दिसतंय." भाची म्हणाली, कोणी शिकवलं नाही, गॅस संपला होता. मावशी म्हणाली, "दोन वर्षं गॅस होता, नेमका मी गोळी सोडली की संपला?" शेवटी तह झाला. सहाही फ्लास्क एकाच कपाटात, आणि निकाल मावशी स्वतः येऊन बघणार. तोवर गोळी डबीत. बुधवारी फ्लास्क मांडले, शनिवारी मावशीला बोलावलं. पालेवालीने हे चार दिवस कसे काढले ते तिच्या नखांवरून दिसत होतं. बाईंनी वासाबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त त्या खोलीत जायचं टाळलं.

शनिवारी अकराला मावशी आली. बुटकी, ताठ, हातात कापडी पिशवी. पेशींच्या खोलीत बाहेरच्यांना सोडत नाहीत, म्हणून फ्लास्क ट्रेमध्ये घालून बाहेरच्या पॅसेजमध्ये आणले. तिने वर दिव्याकडे पाहिलं.

"ट्यूबलाइटखाली रंग बघतात होय? कापड फसतं असल्या उजेडात. खिडकी कुठाय?"

सगळ्या इमारतीत चांगली खिडकी एकच, माझ्या टेबलापाशी. ट्रे तिथे आला. मी नावाच्या पट्ट्यांवर कागद चिकटवून आकडे घातले आणि जागा अदलाबदल केल्या.

"तू बाहेर जा," मावशीने भाचीला सांगितलं.

"का? मला कुठे माहीत आहेत आकडे."

"लहानपणी आंबट खाल्लंस की तुझा चेहरा सांगायचा. उगीच कशाला."

पालेवाली दाराबाहेर गेली. मावशीने चष्मा बदलला, पिशवीतून रिळं काढली. पाच-सहा पिवळी, सगळी माझ्या डोळ्यांना एकच. सहाही फ्लास्क पिवळे होते, त्याला माझीही साक्ष. तिचा चेहरा जरा उतरला. "सगळेच जेवले की हो मेले," ती पुटपुटली. मग एक रीळ एका फ्लास्कला लावलं, दूर धरलं, डोळे बारीक केले. दुसरं लावलं. अशी पाच मिनिटं रिळं फिरली. शेवटी दोन नंबर, तीन नंबर आणि सहा नंबर बाजूला सारले.

"हे तीन अर्धी छटा मागे आहेत."

"मला तर सारखेच दिसतात."

"तुम्हाला दिसून चालायचं असतं तर माझं दुकान बसलं असतं."

मी कागद काढले. दोन, तीन, सहा. पाल्याचे तिन्ही. मी पालेवालीला हाक मारली. तिने पट्ट्या पाहिल्या, रिळं पाहिली आणि स्टुलावर बसली. आतल्या यंत्राने सकाळीच आकडा दिला होता, पाल्याच्या पेशींनी साखर किंचित कमी खाल्ली म्हणून, पण तिला वाटलं होतं तो फरक धरण्याजोगा नाही.

"मावशी, फरक आहे," ती म्हणाली. "थोडा आहे, पण आहे."

"आहेच की. मी आंधळी आहे का?" मावशीने दोन्ही रिळं शेजारी धरली. "पण केवढा, तेही दिसतंय. एवढ्या फरकाचा दोरा मी अस्तराला चालवला असता. कॉलरला कधीच नाही. गिऱ्हाईक तोंडावर फेकून जाईल."

 मग तिने पिशवीत हात घालून डबी काढली. एक गोळी तळहातावर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. "पाणी आहे का, की त्यालाही सही लागते?"

मी बाटली पुढे केली. तिने गोळी घेतली, तोंड वाकडं केलं आणि डबीचं झाकण लावलं. पालेवाली खिडकीबाहेर बघत होती, बराच वेळ.

सोमवारी मावशी स्वतः डॉक्टरांकडे गेली आणि प्रथमच काढ्याचं खरं सांगितलं. किती दिवस गोळी चुकली तेही सांगितलं. डॉक्टर रागावले, मग सांध्यांसाठी व्यायाम दिला आणि गोळीची वेळ बदलून दिली. पाल्याचा गोळीवर काय परिणाम होतो ते कोणालाच नीट माहीत नाही, म्हणून गोळ्या संपेपर्यंत काढा बंद. "अस्तरालाही नको म्हणतात," मावशीने पंधरवड्याने फोनवर कळवलं. आवाजात फारसं दुःख नव्हतं. व्यायामाने गुडघा वळायला लागला होता.

कुंड्या मात्र थांबत नाहीत. आता दर मंगळवारी पाल्याची एक पिशवी स्टोअरला येते. पालेवालीने त्या दोन रिळांचे दोरे आपल्या वहीत यंत्राच्या आकड्याशेजारी चिकटवलेत. हाच प्रयोग तिने आणखी तीन वेळा केला, तिन्ही वेळा अर्धीच छटा. ती म्हणते, एवढ्यावर प्रबंध होतो. चेहऱ्यावरून खरं वाटतं.

जुन्या कपाटाला नवा सिलिंडर मी काटा शून्यावर पाहिला त्याच मंगळवारी दिला, बिनसहीचा. सही नंतर घेतली. खण रिकामा केला. चिठ्ठ्या ज्याच्या त्याला परत दिल्या, तेव्हा लोकांना वाटलं मी निवृत्त होतोय.

पाल्याची पिशवी वहीत चढवताना एक अडचण आली. माल, नग, कोणाकडून, हे सोपं. शेवटचा रकाना 'उपयोग'. मी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'अस्तर'. महिनाअखेरीला बाई सह्या करायला बसल्या, त्या ओळीवर पेन थांबलं.

"हे काय?"

मी सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, पिशवीचा वास घेतला, नाक मुरडलं आणि सही केली.