निळ्या छपराखालचा गोठा

रेवसच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भाताची खाचरं जिथे संपतात, तिथे उजव्या हाताला एक निळं छप्पर उन्हात चकाकताना दिसतं. मित्रांनो, येणारे-जाणारे त्या छपराकडे कौतुकाने बघतात. त्याच्या खाली कोण उभं आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. मी उभा आहे, एक जुना गोठा.

मला सदूबाबांनी बांधलं. ऐनाचे खांब, जांभ्याच्या भिंती आणि वर कौलं. पायाचा पहिला दगड ठेवताना त्यांनी नारळ फोडला आणि हात जोडून म्हणाले की, पांडुरंगा, हेही तुझंच देऊळ, इथले देव चारा खातात एवढाच काय तो फरक. तेव्हा माझ्यात दोन बैलजोड्या होत्या, तीन गाई होत्या आणि पायांत घुटमळणारी वासरं होती. माझ्या अंगाला शेणाचा, पेंढ्याचा आणि उबेचा वास असायचा.

सदूबाबांना कीर्तनाचं भारी वेड. पंचक्रोशीत कुठेही सप्ताह असला की भाकरी बांधून ते पायी निघायचे. पहाटे धार काढायला बसले की तेच कीर्तन पुन्हा गुरांना सांगायचे. बुवांनी आवाज कुठे चढवला, टाळकरी कुठे चुकले, कोणत्या दृष्टांताला बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावला, सगळं अगदी सुरात. मी जागचा हलणारा नव्हे. देऊळ मी कधी पाहिलं नाही. मला जी काही भक्ती कळली, ती अशी दुधाच्या धारेच्या आवाजात कळली.

पुढे बाबा गेले. त्यांचा मुलगा काळूरामही फार लवकर गेला. नांगरणीला पॉवर टिलर आला आणि बैल गेले. एकेक दावं रिकामं होत शेवटी एकच गाय राहिली, पवळी. बाबांच्या सुनेने, नीराबाईंनी, सासऱ्यांची रीत मात्र मोडली नाही. त्याही कीर्तनाहून आल्या की सकाळी पवळीच्या अंगावर हात फिरवत सगळं सांगायच्या. पवळी रवंथ करत ऐकायची आणि मी कान देऊन उभा राहायचो. आम्ही तिघं होतो आणि तेवढं पुरत होतं.

नीराबाईंचा मुलगा निकेश न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात नोकरी करतो. रविवारी घरी येतो. आई विहिरीचं पाणी ओढून पवळीला पाजते, मळ्यातल्या भाजीला घालते आणि कमरेवर हात ठेवून मधेच थांबते, हे त्याला बघवेना. मोटर होती, पण उन्हाळ्यात वीज दुपारची जायची ती संध्याकाळी यायची. म्हणून त्याने सोलर बसवायचं ठरवलं. घरावर फणसाची आणि माडांची सावली. दिवसभर ऊन पडतं ते माझ्यावर. मला फार बरं वाटलं. सूर्यनारायण इतकी वर्षं रोज माझ्या डोक्यावर उतरत होता, त्याची कुणी दखल घेतली नव्हती. निकेश आईला सांगत होता की मोटर चालेल, गोठ्यात दिवा लागेल आणि पवळीला माश्या चावू नयेत म्हणून एक पंखाही लावू.

रितेश नावाचा फिटर मला बघायला आला. त्याने हातोडीने माझे खांब ठोकून पाहिले आणि म्हणाला, "काकी, खांब अजून पन्नास वर्षं हलायचे न्हाईत. पण वरचे वासे वाळवीने खाल्लेत. एवढं वजन टाकलं तर सगळं पवळीच्या डोक्यावर येईल."

झालं, बजेट वाढलं. कौलं उतरवून पत्रे घालायचे, नवे वासे घ्यायचे. सोलरच्या प्लेटांचा सांगाडा साध्या लोखंडाचा चालत नाही, आमच्या खाऱ्या वाऱ्यात तो दोन पावसाळ्यांत गंजतो, म्हणून जस्त चढवलेला घ्यायचा. अनुदान मिळालं तरी नंतर मिळणार, आधी सगळं पदरचं भरायचं. निकेश माझ्या गव्हाणीच्या कठड्यावर बसून चार रविवार आकडे मांडत होता. प्लेटा कमी केल्या तर मोटर चालत नव्हती. बॅटरी लहान घेतली तर पंखा चालत नव्हता. कर्ज घ्यायचं नाही, यावर मायलेकरांचं एकमत होतं. आईच्या पाटल्यांना तो हात लावणार नव्हता. काहीही केलं तरी बावीस हजार कमी पडत होते.

पाचव्या रविवारी तो पवळीकडे बघत राहिला. पेणकडचा एक माणूस तिचे तेवीस हजार द्यायला तयार होता.

"आई, तुझेच कष्ट वाचतील," तो म्हणाला. "एका गाईपायी तू कुठं परगावी ऱ्हायला जात न्हायस."

"आन वाचलेले कष्ट ठेवू कुठं?" नीराबाई म्हणाल्या.

निकेश पुन्हा आकडे मांडू लागला. पैसे जमवायला तो महिनाभर दुहेरी पाळी करत होता, त्याचे डोळे खोल गेले होते. नीराबाईंनी ते पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या मनात हाय तर दे बाबा."

भाद्रपदात टेम्पो आला. पवळी फळीवर पाय ठेवीना. दोघांनी ओढली, एकाने मागून रेटली, तरी ती हलली नाही. शेवटी नीराबाई स्वतः फळीवरून वर चढल्या. तशी पवळी मुकाट त्यांच्या मागोमाग चढली. मग नीराबाई एकट्याच खाली उतरल्या.

त्यानंतर माझी कौलं उतरली, पत्रे बसले आणि त्यांवर सोलरच्या प्लेटांचं निळं छप्पर चढलं. काम चोख झालं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण नवरात्रात गावात कीर्तन झालं आणि दुसऱ्या सकाळी नीराबाई सवयीने माझ्या दारात आल्या. ओठ हलले. आत नजर गेली आणि त्या तशाच परत फिरल्या. ते कीर्तन मला अजून कळलेलं नाही.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला अंगणात शेणाचा एक लहानसा गोठा करतात. त्यात शेणाचीच गुरं उभी करतात, त्यांना फुलं वाहतात आणि मग खऱ्या गोठ्यात दिवा नेतात. निकेशने सोलर सुरू करायला मुद्दाम तोच दिवस धरला. त्या सकाळी नीराबाई घमेलं घेऊन शेजारच्या कोकिळाकडे गेल्या. कोकिळा घमेलं भरता भरता हसून म्हणाली, "एवढा झकपक गोठा बांधलास नीरावैनी, आन शेण आमच्या दारचं?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण डोक्यावर शेजारचं शेण घेऊन आई रस्त्याने येताना निकेशने पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

नीराबाईंनी अंगणात शेणाची गुरं मांडली. निकेशने आत येऊन बटण दाबलं. माझा कोपरा न् कोपरा उजळला. रिकामी गव्हाण दिसली, खुरांनी झिजलेली जमीन दिसली, खुंटाला गुंडाळलेलं दावं दिसलं. वर पंखा फिरू लागला.

नीराबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "वारा कुणाला घालतोस रे?"

निकेशने पंखा बंद केला. तो थांबायला जरा वेळ लागला. तोवर दोघंही वर बघत उभे होते.

मित्रांनो, निकेश वाईट नाही. त्याने आईसाठीच केलं. मोटर आता भर दुपारी चालते, मळा हिरवागार आहे, नीराबाईंची कंबर दुखत नाही. उन्हाचा असा उपयोग व्हावा, ही तर देवाचीच इच्छा असेल. तुम्हीही तुमच्या गोठ्यावर, खळ्यावरच्या शेडवर जरूर सोलर बसवा. माझं मागणं एवढंच आहे. आकडे मांडायला बसाल तेव्हा छपराकडे बघत बसू नका. आधी दार उघडून आत या आणि छपराखाली कोण उभं आहे, ते पाहून घ्या.