सोनेरी बादली

विनी ऑर्मरॉडला ओळीनं सहा वर्षं बादली मिळाली होती. साधी जस्ताची बादली, कोळसे आणायला असते तसली, पण बाहेरून सोनेरी रंग फासलेली. इंग्लंडमधल्या रॉसेनडेल खोऱ्यातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाची जूनच्या पहिल्या रविवारी डोंगरापलीकडच्या पबपर्यंत फेरी निघायची. फेरीनंतर ज्या गाडीच्या तळातून सगळ्यांत जास्त पाणी निघेल तिच्या मालकाच्या गळ्यात ही बादली पडायची. त्या दिवशी पाऊस पडलाच पाहिजे असं काही नियमात लिहिलेलं नव्हतं. लँकशर परगण्यात तसं लिहावं लागत नाही.

नियमात दुसरंच एक लिहिलेलं होतं. सलग सात वर्षं जो बादली जिंकेल त्याच्याकडे ती कायमची राहील आणि तिच्यावर त्याच्या नावाची पितळी पाटी बसेल.

"काय विनीबाई, पाटीवर नाव कसं लिहायचं? पूर्ण विनिफ्रेड, की नुसतं विनी?" मंडळाचे अध्यक्ष डेझमंड एन्टविसल मे महिन्याच्या बैठकीत म्हणाले. "आणि खाली 'रेनकोटवाल्या' असंही टाकू या का?"

सगळे हसले. विनीचा नवरा बर्नार्डसुद्धा हसला, आणि तिनं बघितल्यावर खोकला आल्यासारखं केलं.

तो शेवटचा शब्द विनीला लागला. एकतीस वर्षं तिनं खोऱ्यातल्या कारखान्यात रेनकोट शिवले होते. खांदा, बाही, कॉलर, सगळं. तिच्या हातच्या शिवणीतून थेंब आत शिरला अशी तक्रार एकदाही आली नव्हती. कारखाना बंद पडला तेव्हा हातात आलेल्या पैशातून तिनं ही निळी, फुगीर, चाळीस वर्षांची गाडी घेतली होती आणि तिचं नाव हिल्डा ठेवलं होतं. आणि जन्मभर लोकांना कोरडं ठेवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या गाडीत बदक पाळावं इतकं पाणी! बर्नार्ड तर बिस्किटांचा डबा उपडा घालून त्यावर पाय ठेवूनच बसायचा. सहा वर्षांत त्याला त्याची इतकी सवय झाली होती की घरात कोचावर बसतानाही त्याचे पाय आपोआप उचलले जायचे.

पाणी पुढच्या काचेच्या रबरातून यायचं, हे उघड होतं. बर्नार्डनं ते रबर दोनदा बदललं होतं. दोन्ही वेळा महिनाभर गाडी कोरडी राहिली, नंतर खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून परत धार. मग त्यानं तिथे काळा चिकट मसाला भरला, त्याच्यावर आणखी मसाला भरला, आणि हिल्डाचे डोळे काजळ फिसकटल्यासारखे दिसायला लागले.

बैठकीवरून घरी आल्यावर विनीनं कोट न काढताच गॅरेज उघडलं, बोथट सुरी घेतली आणि कोपऱ्यातला मसाला खरवडला. खालचं रबर बघितलं मात्र, तिनं स्टूल जवळ ओढलं. कोपऱ्यावर रबर ताणून ताणून पातळ झालं होतं आणि काचेपासून सुटलं होतं. आत करंगळी जाईल एवढी फट.

"बर्नार्ड, हे लावताना तू ओढलंस?"

"ओढलं म्हणजे? चांगलं घट्ट बसवलं. जास्तीचं होतं ते कापून टाकलं. बोटभर सैल राहिलं नाही."

"तिथंच घोडं पेंड खातंय! ओढलेलं रबर आज ना उद्या आखडणार. आखडलं की कोपरा सोडणार. उशीच्या कडेचं पायपिंग कोपऱ्यावर कुणी ओढून लावतं का? तिथं उलट जास्त द्यायचं असतं. दाबत दाबत, आत सारत."

"अगं, कोटाची शिवण वेगळी, गाडीचं रबर वेगळं."

"पाणी तर एकच ना?"

पण माणूस दोनदा केलेल्या कामावर तिसऱ्यांदा बायकोचं ऐकायला सहजासहजी तयार होत नाही. डेझमंडनं दिलेल्या गाडीदुरुस्तीच्या पुस्तकात तसंच लिहिलंय, हे त्यानं तीनदा सांगितलं. शेवटी विनी म्हणाली, "तुझ्या पद्धतीनं दोन बादल्या जास्तीच्या मिळाल्या. आता एकदा माझ्या पद्धतीनं बघू. नाहीच जमलं, तर पाटीवर तुझं नाव घालू."

नवं रबर आलं, तेव्हा ते थंडीनं कडक झालं होतं. विनीनं ते रात्रभर गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, बर्नार्डच्या बनियनांच्या मध्ये ठेवलं. सकाळी ते कणकेसारखं मऊ झालं. काच काढून तिच्या कडा तिनं घासून चकचकीत केल्या, खालच्या पत्र्यावरचा गंज खरवडून रंग दिला. मग काचेभोवती रबर घालायला बसली. कोपरा आला की हात थांबायचा. अंगठ्यानं थोडं मागे दाबायची, थोडं आणखी आत सारायची. सगळं बसून झाल्यावर दोन टोकं पाव इंच एकमेकांवर चढत होती.

"कापतो," बर्नार्ड कात्री घेऊन पुढे झाला.

"खबरदार!" विनी म्हणाली, आणि तिनं तेवढंही रबर दाबून सांध्यात बसवलं. बर्नार्डनं कात्री खिशात घातली.

आता खरी परीक्षा होती. रबराच्या आतल्या खाचेत दोरी घालायची, काच बाहेरून चौकटीवर टेकवायची, एकानं बाहेरून दाबायचं आणि दुसऱ्यानं आत बसून दोरी ओढत जायचं, म्हणजे रबराचा ओठ पत्र्यावर चढतो. इतकी वर्षं आत बर्नार्ड बसायचा आणि बाहेरून दाबणाऱ्या विनीला ओरडायचा. ह्या वेळी ती आत जाऊन बसली. काच जुनी, वळणदार. तिच्या जोडीची दुसरी अख्ख्या परगण्यात मिळाली नसती. तडकली, की फेरीला जाणंच बंद, आणि न आलेली गाडी सगळ्यांत ओली धरायची, हाही एक नियम होताच.

भांडी घासायच्या साबणाचं पाणी चोपडून झालं. विनीनं दोरी ओढायला सुरुवात केली. वरची बाजू लोण्यासारखी बसली. पहिला खालचा कोपराही बसला. दुसऱ्यावर काच करकरली.

बर्नार्डनं मूठ वळली.

"ठोकू नकोस!" ती आतून ओरडली. "पंजा उघड. माझ्या हातासमोर ठेव. आता मी म्हणेन तेव्हा, हळू."

काचेच्या ह्या बाजूला तिचा तळहात, त्या बाजूला त्याचा. ती दोरी एक एक बोट सोडवत गेली. करकर थांबली. मग थप्प असा एक छोटा, गुबगुबीत आवाज झाला आणि दोरीचं टोक तिच्या मांडीवर पडलं.

बर्नार्ड बाहेरून काचेत वाकून बघत होता. त्यानं पाण्याची झारी आणली, कोपऱ्यावर ओतली, आणि दुसरी भरून आणली, तीही ओतली. आत विनीचा हात फिरला. कोरडा ठणठणीत.

फेरीच्या दिवशी आभाळ फाटलं होतं. पबच्या अंगणात सगळे गमबूट घालून उतरले. विनी घरातल्या लोकरी सपाता घालून उतरली आणि अंगणातल्या पहिल्याच डबक्यात त्या भिजल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही.

डेझमंडसाहेब स्पंज आणि काचेचा जग घेऊन आले. बगलेत बादली होती. बादलीवर पाटी होती आणि पाटीवर नाव आधीच कोरलेलं होतं. इतका माणसाचा विश्वास! ते हिल्डाच्या तळाशी वाकले. स्पंज फिरवला. पिळला. परत फिरवला. सतरंजी उचलून बघितली.

"ह्यात काहीतरी गडबड आहे," ते म्हणाले.

"सहा वर्षं होती," विनी म्हणाली. "आता नाही. आणा तो स्पंज इकडे."

"कशाला?"

"तुमची गाडी राहिली ना."

इतक्या वर्षांत मोजणाऱ्याची गाडी कुणी मोजलीच नव्हती. विनीनं त्यांच्या चकचकीत हिरव्या गाडीचं दार उघडलं, भारीतला गालिचा उचलला आणि स्पंज टेकवला. स्पंज पिळायचीसुद्धा गरज पडली नाही, आपोआप गळायला लागला. दोन जग भरले. असा हशा त्या अंगणात पूर्वी कधी झाला नव्हता, आणि सगळ्यांत मोठ्यानं बर्नार्ड हसत होता, खोकल्याचं सोंग न करता.

"बादली तुम्ही घ्या," विनी म्हणाली. "पाटी मात्र मला काढून द्या. नाव माझं आहे."

परतीच्या वाटेवर डोंगरमाथ्यावर पाऊस काचेवर ताशा बडवत होता. काच हूं का चूं करत नव्हती. विनीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि छाती आनंदानं इतकी भरून आली होती की तिला मोठ्यानं गावंसं वाटत होतं. शेजारी बर्नार्ड पितळी पाटी मांडीवर घेऊन, पाय बिस्किटांच्या डब्यावर ठेवून बसला होता.

"बर्नार्ड."

"काय गं?"

"पाय खाली ठेव."

त्यानं आधी एक पाय ठेवला. मग जरा थांबून दुसरा.