पखालीतली चौदा मतं

आमच्या प्रबंध परिषदेत एकवीस सभासद आणि मी त्यांचा सचिव. पीएच.डी. द्यायची तर चौदा डोकी हजर हवीत, त्यातली दहा बाजूने. परिषदेची मुदत त्याच संध्याकाळी सहाला संपत होती, आणि नवी नेमायला बिश्केकचे साहेब दोन वर्षं सहज घेतात. म्हणजे बुरुलचाला पदवी आज, नाहीतर दोन वर्षांनी. कुमिसवर, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधावर, सात वर्षं घालवली होती पोरीने.

सकाळी सभागृहात डोकी मोजली. तेरा! बाकीचे आजारी, परदेशी, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. हाताशी येण्यासारखे एकच, सोरोनकुल आगाय (आगाय म्हणजे आमच्याकडे सर), तेही वर सोन-कुल तलावाकाठच्या कुरणावर. फोन लावला.

"दर दोन तासांनी घोडीची धार काढायची असते. ती माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. तू येतोस काढायला?"

मी नियमावली उघडली. परिषद एका जागी बसावी, एवढंच लिहिलेलं. कुठली जागा ते नाही. मग काय, तेरा प्राध्यापक बसमध्ये कोंबले आणि निघालो.

बसमध्ये तोलोबेक आगाय बुरुलचाला म्हणाले, "बाळ, दमू नकोस. पुढच्या परिषदेतही मी असणारच आहे."

यांचे तीन जाडजूड ग्रंथ सांगतात की कुमिसची चव गवतातून येते. बुरुलचाने सिद्ध केलं की ती चामडी पखालीला दिलेल्या धुरीतून येते. तोलोबेक आणि त्यांचे चार शिष्य विरोधात जाणार, हे बसच्या ड्रायव्हरलासुद्धा ठाऊक होतं. चौदातून पाच गेले की उरतात नऊ.

आमची मतपत्रिका साधी. वर उमेदवाराचं छापील नाव. विरोध असेल त्याने पेनाने काट मारायची. कोरी सोडली की होकार.

कुरणावर पोचलो, पण मतपेटी मी खालीच विसरलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! सोरोनकुलनी तंबूतली एक पखाल काढून दिली.

"रिकामी आहे ना रे?" तोलोबेकनी विचारलं.

"कोरडी ठणठणीत," मी म्हणालो. तळाशी वाटीभर कुमिस असेल-नसेल. पेनंही मीच वाटली, दौतीच्या शाईची.

पावणेसहाला पखाल उलटी केली. चौदा ओल्या, धुरकट चिठ्ठ्या. चौदा छापील नावं. काट एकीवरही नाही.

तोलोबेक ताडकन उठले. "हे शक्यच नाही!"

"का हो आगाय? तुम्ही काट मारली होतीत?"

गुप्त मतदानात आपलं मत सांगणारा परिषदेतून बाद होतो, हा नियम त्यांनीच घातलेला. ते खाली बसले आणि चारही शिष्यांकडे एकेक करून बघू लागले. शिष्य एकमेकांकडे बघत होते. त्या पाचांचं अजून आपसांत बोलणं नाही.

बुरुलचाने एक चिठ्ठी उचलून हुंगली आणि माझ्याकडे वळली.

"आगाय, तुम्ही माझा प्रबंध शेवटपर्यंत वाचलात?"

"सचिवाला वाचावाच लागतो, डॉक्टरबाई. चौथ्या प्रकरणातली तळटीप झकास आहे. आंबट कुमिसने लोकरीवरची शाई निघते, ती."

ती हळूच म्हणाली, "कागदावर मी करून पाहिलं नव्हतं."