सीडीवर नाव घालावं तर मीच

मी एक जुना काळा मार्कर आहे. मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसू नये इतकी ती मोठी कामगिरी आहे. खणातल्या नव्या मित्रांनो, स्केचपेनांनो, खोडरबरा, नीट सरकून बसा. कात्रीबाई, तुम्हीही ऐका. पण मध्ये तोंड उघडू नका. तुमचं तोंड उघडलं की काहीतरी कापलं जातं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या हौदातली शाई इतकी काळी होती की आत डोकावलेला कावळा लाजून पांढरा झाला. हसू नका, तो अजून बगळ्यांत राहतो. शाई काळी असली तरी माझं टोक मात्र मऊ, कापसासारखं. सीडीवर लिहायचं म्हणजे असंच टोक लागतं. लोक तिची खालची चकचकीत बाजू जपतात, पण गाणं असतं ते वरच्या पातळ वर्खाला चिकटून. बॉलपेनने तिथे रेघ ओढली की गाण्याला जन्माचा ओरखडा.

मला ताईने दुकानातून निवडून आणलं. ताईचे बाबा घड्याळजी. त्यांची बहीण, म्हणजे ताईची आत्या, यजमान गेल्यावर भावाकडे राहायला आली ती कॅसेटींचं एक खोकं घेऊन. आत्याचे यजमान गाण्याचे मास्तर होते. आपलं गाणं, शिकवण्या, सगळं ते कॅसेटवर भरून ठेवत. कॅसेटी घरघरायला लागल्या तशी ताईने त्या सीडीवर उतरवल्या आणि वर नावं घातली ती मी. ‘सकाळची गाणी’, ‘शिकवणी’, ‘पावसाची गाणी’, अशा ढीगभर. आणि एक ‘किरकोळ’.

ही ‘किरकोळ’ लक्षात ठेवा. तिच्यात मास्तर रेकॉर्डर बंद करायला विसरले होते. गाणं संपतं आणि मास्तर ओरडतात, “अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?” लांबून आत्या म्हणते, “तुमच्या डोक्यावर आहे!” मग दोघं हसतात, बराच वेळ.

दुपारी घर रिकामं झालं की आत्या ती सीडी लावायची. कुणाला कळू द्यायची नाही. म्हातारी चष्म्याची भांडणं ऐकत बसते, असं कुणी म्हटलं तर? तिची नजर अधू झाली होती, पण माझी जाड अक्षरं तिला बरोबर सापडायची. काय सांगू, त्या घरात माझा काय मान होता!

पण चांगलं चाललेलं कुणाला बघवत नाही. एकदा ताई म्हणाली, “बाबा, ही अक्षरं बघा ना. औषधाच्या बाटलीवर लिहिल्यासारखी दिसतात.”

औषधाच्या बाटलीवर! त्या दिवसापासून माझ्या पोटातली शाई कडू झाली.

आधी आले गोल चिकट कागद. गोरेगोमटे, पण अकलेचे कांदे. ताईने पहिलाच कागद चिकटवला तो केसभर तिरका. सीडी फिरायला लागली आणि यंत्र असं थरथरलं की टेबलावरची भिंगं नाचायला लागली. “काढ, काढ!” बाबा ओरडले. ताईने कागद सोलला, तर त्याच्याबरोबर वर्खही सोलून आला. मूळ कॅसेट होती म्हणून गाणं वाचलं. मी गालातल्या गालात हसलो.

मग आला तो. प्रिंटर. मी त्याला जाडोबा म्हणतो. त्याचं खोकं उघडलं तेव्हा सगळं घर गोळा झालं. ताईने माझं टोपण काढून खोक्यावर ‘जपून ठेवणे’ असं लिहिलं, आणि त्या जाडोबाला बघण्याच्या नादात मला तसंच टाकलं. टोपण गडगडत कपाटाखाली गेलं. कुणाचं लक्ष नाही. आत्याने जाडोबाला धूळ लागू नये म्हणून झालरीचं कापड शिवलं. झालरीचं! मला इतक्या वर्षांत कुणी साधी चिंधी दिली नव्हती.

तसा तोही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पहिल्यांदा त्यांनी साध्या चकचकीत सीडीवरच छापलं. शाई वाळेचना. बाबांनी वाळली का म्हणून अंगठा लावला आणि तोच निळा अंगठा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या घड्याळावर उमटवून आले. शेवटी दुकानदार म्हणाला, “अहो काका, पांढऱ्या पाठीच्या घ्या. छापायच्या सीड्या वेगळ्या असतात.”

पांढऱ्या पाठीच्या आल्या. आणि आता खरी मेख ऐका. बाबा पडले घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून जन्म गेलेला. बारीक काम तेच सुंदर, हा त्यांचा बाणा. त्यांनी प्रत्येक सीडीची केली घड्याळाची तबकडी. आकड्यांच्या जागी गाण्यांची नावं, गोलाकार, मुंगीच्या पायाएवढी. मध्ये सगळ्यांवर तेच निळं फूल.

“याला म्हणतात काम!” बाबा म्हणाले. जाडोबा गुरगुरला. माझ्या जुन्या सीड्या मात्र कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगल्या. माझं हस्ताक्षर कबुतरांना दाखवायला!

दुसऱ्या दुपारी आत्याने नवी सीडी नाकाशी धरली. खिडकीशी नेली. डोळे बारीक केले, मोठे केले. एक लावली, शिकवणी निघाली. दुसरी लावली, पावसाची गाणी. सगळीकडे तेच फूल. शेवटी सगळ्या मांडीत घेऊन नुसती बसून राहिली.

असं रोज व्हायला लागलं. ताईने विचारलं, “आत्या, हल्ली काही ऐकत नाहीस?”

“आवाजाने डोकं दुखतं गं,” आत्या म्हणाली. काय शोधते ते सांगायची लाज, आणि भावाने हौसेने केलेलं दिसत नाही म्हणायचा संकोच. दोन्ही गिळून बसली बिचारी.

मग एकदा ताई लवकर घरी आली, तर आत्या गॅलरीत स्टुलावर उभी. एक हात कठड्याला, दुसऱ्या हातात वाऱ्यावर गिरक्या घेणारी माझी ‘किरकोळ’.

“आत्या! पडशील ना!”

“पडू दे. हिच्यावरचं तरी दिसतं मला.” आत्याने सीडी छातीशी धरली. “तुझ्या बापाच्या घड्याळात मला वेळच दिसत नाही गं.”

ताईने तिला धरून उतरवलं. ती सीडी लावून पाहिली. ऊनपावसाने खरवडलेली, नुसतीच खरखरली. मग आत्याने खाली मान घालून चष्म्याचं सगळं सांगितलं. बाबा दारात उभे होते. त्यांनी डोळ्याचं भिंग काढून खिशात टाकलं.

“मला विचारायचंस तरी, अक्का.”

“काय विचारू? तू इतका खूश होतास.”

“मी गाढव होतो. ताई, कोऱ्या सीड्या काढ. एकीवर एकच शब्द. काळा. म्हशीएवढा.”

आणि मित्रांनो, इथे मी पुढे झालो! जाडोबा घाबरून झालरीखाली दडला. मी टेबलावरच्या पेनांच्या पेल्यातून उडी मारली, ताईच्या बोटांत जाऊन बसलो आणि एका दमात सगळ्या सीड्यांवर नावं घातली. ‘किरकोळ’ तर अशी लिहिली की समोरच्या गच्चीवरच्या माणसाने ती वाचून दाखवली. दुसऱ्या दुपारी आत्याने कुणाला न विचारता हात घातला आणि नेमकी तीच काढली. खोलीतून आवाज आला, “अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?” आणि ह्या वेळी आत्याने इथूनच उत्तर दिलं, “डोक्यावर आहे!”

म्हणून सांगतो मित्रांनो, नव्याची नवलाई असावी, पण जुन्याला अडगळीत टाकू नये. आणि लिहून झालं की टोपण तेवढं न विसरता—

“पुरे करा, मार्करराव!” कात्रीबाईंनी तोंड उघडलंच. “तुमचं टोपण अजून त्या कपाटाखाली आहे. ताईने तुम्हाला घासघास घासलं, एक रेघ उमटली नाही. ठणठणीत कोरडे होतात तुम्ही! ती म्हशीएवढी अक्षरं छापली त्या जाडोबानेच. आधी नमुना कागदावर छापून, गोल कापून, आत्याला दाखवून. तो कागद कापायला टेबलावर मीच होते!”